पिशवी काढण्याआधी तुकडा तपासा

मराठवाड्यात ‘पिशवी काढली’ हे आपण दात काढल्याइतकं सहज बोलतो. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, पाळी आठ-आठ दिवस थांबत नाही, दोन लेकरं झालेली आहेत, वय पस्तीस. ‘ठेवून तरी काय करायचं? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?’ असं कुणीतरी म्हणतं आणि आठवड्याच्या आत ऑपरेशन उरकलेलं असतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या या प्रश्नावर २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सरची भीती घातली गेल्याचं कितीतरी जणींनी सांगितलं.

गरज नसताना काढलेल्या पिशव्यांबद्दल वर्तमानपत्रांत भरपूर लिहून आलं. त्याच घाईची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी बोलत नाही. जिला खरोखरच गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेला असतो, तिचीही पिशवी अशीच, काही न तपासता, साध्या पद्धतीने काढली जाते. त्या बाईचं जे नुकसान होतं ते पुढे पूर्ण भरून निघत नाही. हा लेख तिच्यासाठी आहे. तिच्या नवऱ्यासाठी, लेकीसुनांसाठी आणि तिला दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या आशाताईंसाठीही आहे. अर्धापूर असो की मुदखेड, हदगाव असो की औसा, गोष्ट सगळीकडे तीच.

सुरुवातीला सापडलेला हा कॅन्सर ऑपरेशनने बरा होतो. पूर्ण बरा होतो. पण त्यासाठीचं ऑपरेशन वेगळं असतं, ते करणारा हात वेगळा असतो आणि ते करायचं की नाही हे ऑपरेशनच्या टेबलावर नाही, त्याच्या कितीतरी आधी ठरतं.

आधी खुणा पाहू. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग लागणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, घाण वास येणारं पाणी जाणं. यातलं पहिलं लक्षण बाया सांगत नाहीत. नवऱ्याला माहीत असतं, पण तोही बोलत नाही. डॉक्टरांसमोर फक्त ‘अंगावर जातं’ एवढंच निघतं आणि मग गोळ्या मिळतात. बायांनो, हे स्पष्ट शब्दांत सांगा. त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

मग बहुतेकांच्या हातात सोनोग्राफीचा कागद येतो. त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलं की घरचे निर्धास्त होतात. गर्भाशयाच्या तोंडावरची लहान जखम किंवा गाठ पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत सुटू शकते. ती दिसते ती आतून तपासल्यावर. स्पेक्युलम हे साधं उपकरण लावून, उजेड टाकून, तोंड डोळ्यांनी बघायचं असतं. दोन-तीन मिनिटांचं काम. लाजेपोटी बाई नको म्हणते, गर्दीपोटी कधी डॉक्टरही टाळतात, आणि नेमकं तिथेच सगळं हुकतं. आतून तपासणी झाल्याशिवाय पिशवीच्या ऑपरेशनला होकार देऊ नका. तोंडावर संशयास्पद जखम दिसली तर त्याच ठिकाणचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला पाहिजे. याला बायोप्सी म्हणतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती आपल्या भागात खोल रुतलेली आहे. ती निराधार आहे. उलट तुकडा न तपासता अख्खी पिशवी काढणं हेच धोक्याचं.

तुकड्यात कॅन्सर निघाला की पुढचा प्रश्न टप्प्याचा. गाठ केवढी आहे, किती खोल गेली आहे आणि तोंडाबाहेर पडली आहे का? जगभर वापरली जाणारी टप्प्यांची मोजणी २०१८ मध्ये सुधारली गेली. तिच्यातलं सामान्य माणसाच्या कामाचं सांगायचं तर असं : सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा, ५ मिलिमीटरपर्यंतच खोल गेलेला कॅन्सर सगळ्यात आधीचा. त्यानंतर २ सेंटिमीटरपेक्षा लहान, मग २ ते ४ सेंटिमीटर, मग ४ सेंटिमीटर आणि त्याहून मोठा. ऑपरेशनची खरी जागा ४ सेंटिमीटरच्या अलीकडे, कॅन्सर तोंडातच किंवा फार तर योनीच्या अगदी वरच्या भागापर्यंत असताना आहे. गाठ त्याहून मोठी असेल, बाजूच्या पेशीजालात उतरली असेल किंवा लसिकाग्रंथींत गेलेली दिसत असेल, तर उपचार म्हणजे रेडिएशन, म्हणजेच आपल्या बोलीतला ‘शेक’, आणि त्यासोबत आठवड्याला एक केमो. हे ठरवायला अनुभवी डॉक्टरांची आतून तपासणी लागते, गुदद्वारातून बोट घालून बाजू चाचपण्यासह, आणि ओटीपोटाचा एमआरआय लागतो. एमआरआयचा खर्च वाचवावा असं वाटतं, पण कापायचं की शेकायचं हा निर्णय त्याच कागदावर बऱ्याच अंशी अवलंबून असतो.

आता ते ऑपरेशन. साधी पिशवी काढताना डॉक्टर गर्भाशयाला चिकटून कापत जातात. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये गर्भाशयासोबत त्याच्या दोन्ही बाजूंचं पेशीजाल, योनीचा वरचा थोडा भाग आणि ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या लसिकाग्रंथी काढायच्या असतात. याला रॅडिकल हिस्टरेक्टॉमी म्हणतात. व्हिएन्नाचे अर्न्स्ट वेर्थाइम यांनी १८९८ मध्ये ही पद्धत रूढ करायला सुरुवात केली, तेव्हा ऑपरेशनमुळे दगावणाऱ्या बाया पुष्कळ होत्या. आज भूल, रक्त आणि प्रतिजैविकांमुळे ती परिस्थिती उरलेली नाही, पण ऑपरेशनमधली अवघड जागा तीच आहे. मूत्रपिंडाकडून येणारी लघवीची नळी गर्भाशयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या अगदी खालून, बाजूच्या पेशीजालातल्या एका अरुंद बोगद्यातून मूत्राशयाकडे जाते. सर्जनला तो बोगदा उघडून नळी अलगद बाजूला करावी लागते, तेव्हाच तिच्या पलीकडचं पेशीजाल काढता येतं. तिथून अगदी जवळ मूत्राशयाला लघवीची जाणीव देणाऱ्या बारीक नसा असतात. त्या जितक्या वाचतील तितकं बाईचं पुढचं आयुष्य सुखाचं. म्हणून हे ऑपरेशन रोज सिझेरियन करणाऱ्या चांगल्या डॉक्टरांचंही नव्हे. ते कर्करोग शस्त्रक्रियेचं खास शिक्षण घेतलेल्यांचं आहे. ‘तुम्ही ही ऑपरेशनं नेहमी करता का?’ असं विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. नियमित करणारा सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

प्रत्येकीला एवढं मोठं ऑपरेशन लागतंच असंही नाही. कॅन्सर ३ मिलिमीटरच्या आतच खोल असेल आणि बारीक वाहिन्यांत शिरलेला नसेल, तर लेकरू हवं असलेल्या बाईच्या तोंडाचा शंकूच्या आकाराचा भाग काढून भागू शकतं. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत असेल तर निवडक तरुण बायांमध्ये फक्त तोंड काढून वरचं गर्भाशय राखता येतं. ही वाट फ्रान्सच्या डॅनिएल दार्जां यांनी दाखवली. हे मोजक्या मोठ्या केंद्रांतच होतं, पण मूल हवं असेल तर ते ऑपरेशनआधी बोलून दाखवायलाच हवं, नंतर उपयोग नाही. २०२४ मध्ये आणखी एक महत्त्वाचा अभ्यास आला. ७०० बायांमध्ये, २ सेंटिमीटरपर्यंतच्या कमी धोक्याच्या कॅन्सरसाठी, लसिकाग्रंथी काढून साधी पिशवी काढणं आणि रॅडिकल ऑपरेशन यांची तुलना झाली. तीन वर्षांत ओटीपोटात कॅन्सर परतण्याचं प्रमाण साध्या पद्धतीत २.५२ टक्के आणि रॅडिकलमध्ये २.१७ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. लघवीचे त्रास मात्र साध्या पद्धतीत कमी. कुणी याचा अर्थ ‘मग आमच्या गावात काढली तरी चालेल’ असा लावू नये. त्या सातशेजणींची बायोप्सी, एमआरआयसारख्या तपासण्या आणि निवड सगळं आधी झालेलं होतं.

पोट उघडून की दुर्बिणीतून, हा प्रश्न नांदेड-लातूरचे नातेवाईक हमखास विचारतात. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे भारीतलं, असा आपला समज. पुण्याचे डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी दुर्बिणीतून रॅडिकल ऑपरेशन करण्याची पद्धत बसवली आणि २००७ मध्ये ती ‘पुणे टेक्निक’ या नावाने जगासमोर आली. महाराष्ट्रातल्या शल्यकौशल्याचा तो मोठा मान होता. त्यानंतर २०१८ मध्ये ३३ रुग्णालयांतल्या ६३१ बायांवरचा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनंतर पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के बाया कॅन्सरमुक्त होत्या, दुर्बीण आणि रोबोटच्या गटात ८६ टक्के. जगातल्या बऱ्याच तज्ज्ञांची अपेक्षा याच्या उलट होती. तेव्हापासून या कॅन्सरसाठी पोट उघडून करणं हीच प्रमाण पद्धत मानली जाते. पोटावर मोठा व्रण राहील, चार दिवस जास्त दुखेल; ते मान्य करा. दुर्बिणीचा आग्रह दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनला धरा, इथे नको.

वरच्या ९६.५ टक्क्यांकडे पुन्हा एकदा बघा. लहान गाठ, योग्य निवड, योग्य हात, आणि शंभरातल्या शहाण्णव जणी साडेचार वर्षांनी कॅन्सरशिवाय. हा आकडा मोठमोठ्या केंद्रांतला आहे, प्रत्येक ठिकाणी इतका येणार नाही, पण दिशा कळते. याआधीचा, १९९७ मधला इटलीतला अभ्यासही सांगण्यासारखा आहे. ३४३ बायांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांना रेडिएशन. पाच वर्षांनी दोन्हींकडे ८३ टक्के हयात. म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात दोन्ही वाटा बरं करणाऱ्या आहेत. मग ऑपरेशन का? तरुण बाईचे बीजकोष राखता येतात, त्यामुळे पाळी जाण्याचे त्रास अवेळी मागे लागत नाहीत. योनी अरुंद होण्याचा त्रास कमी. आणि काढलेलं सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळतं. मोठ्या वयात, हृदयाचा वा फुप्फुसाचा आजार असेल तर शेक घेणं शहाणपणाचं.

गाठ मोठी असताना ‘आधी केमोने लहान करा, मग काढून टाका’ असा आग्रह घरचे धरतात. काढून टाकलं म्हणजे सुटलो, ही आपली समजूत. याचं उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियलनेच शोधलं. ६३३ बायांवरचा त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. केमो देऊन ऑपरेशन केलेल्या गटात पाच वर्षांनी ६९.३ टक्के बाया कॅन्सरमुक्त होत्या, तर केमोसह रेडिएशन घेतलेल्यांत ७६.७ टक्के. एकूण किती जगल्या हे जवळपास सारखं, पण ऑपरेशनने काही जादा पदरात पडलं नाही. टाटाच्या डॉक्टरांनी ‘ऑपरेशन नाही, शेक घ्या’ म्हटलं की ‘आता काही राहिलं नाही, म्हणून परत पाठवलं’ असं समजून लोक गावी येतात आणि घरी बसतात. हे साफ चुकीचं आहे. शेक हा त्या टप्प्यावरचा बरं करणाराच उपचार आहे.

आता सुरुवातीला सांगितलेल्या नुकसानीकडे येऊ. या शेकाचा एक भाग बाहेरून असतो आणि एक आतून. आतून देताना एक बारीक नळी गर्भाशयाच्या पोकळीत ठेवतात आणि तिच्यातून किरणोत्सर्गी स्रोत थेट गाठीच्या मधोमध नेतात. त्यामुळे गाठीला जोराचा डोस मिळतो, मूत्राशय आणि आतडी वाचतात. पिशवी आधीच काढून टाकली असेल तर ती नळी ठेवायची कशात? अपुऱ्या ऑपरेशननंतर मागे राहिलेल्या कॅन्सरला मग तितका नेमका डोस देता येत नाही. ‘पिशवी तर काढली आहे, मग कॅन्सर कुठून आला?’ असं बाई विचारते, तेव्हा उत्तर एवढंच असतं की काढण्याआधी कुणी तुकडा तपासला नाही.

योग्य ऑपरेशन झालं तरी काम संपत नाही. रिपोर्ट यायचा असतो. तो आठ-पंधरा दिवसांनी येतो आणि तो हातात घेतल्याशिवाय ‘झालं सगळं’ म्हणू नका. लसिकाग्रंथीत कॅन्सर आहे का, बाजूच्या पेशीजालात आहे का, कापलेल्या कडेला आहे का, हे तीन प्रश्न त्यात बघायचे. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर रेडिएशन आणि केमो घ्यावी लागते. तिन्ही ‘नाही’ असली, पण गाठ मोठी, खोल आणि बारीक वाहिन्यांत शिरलेली असेल, तरी बऱ्याचदा रेडिएशन सुचवतात. टाके निघाले, बाई चालायला लागली, हळद काढायचे दिवस आले आणि रिपोर्ट आणायचा राहून गेला, असं होऊ देऊ नका.

घरी आल्यावर पहिला त्रास लघवीचा. नसा दुखावल्यामुळे मूत्राशय भरल्याचं कळत नाही, म्हणून मूत्राशयात घातलेली नळी आठवडा-दोन आठवडे, कधी जास्तही राहते. नळी निघाल्यावर लघवी लागो न लागो, दर तीन तासांनी घड्याळ बघून जायचं आणि पूर्ण रिकामी होऊ द्यायची. बहुतेकींना हळूहळू जाणीव परत येते. बद्धकोष्ठ होतं, त्यावर औषध घ्यावं. पायाला सूज येऊ शकते, कारण लसिकाग्रंथी काढलेल्या असतात. पाय उशीवर ठेवा, पायाला जखम होऊ देऊ नका, अनवाणी रानात जाऊ नका. योनीतून सतत पाणी झिरपत राहिलं तर ती लघवी असू शकते. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीला किंवा मूत्राशयाला छेद पडल्याची ही दुर्मीळ पण महत्त्वाची खूण आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दोन-तीन महिने पाण्याची घागर, केळीचा घड, सरकीचं पोतं उचलायचं नाही. संबंध साधारण दोन महिन्यांनी, डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर सुरू करता येतात. योनी थोडी आखूड झालेली असते, पण नवरा-बायकोपण संपत नाही. हा आजार संबंधातून नवऱ्याला ‘लागतो’ म्हणून बाईला वेगळं झोपवणाऱ्या घरांना हात जोडून सांगणं आहे : कॅन्सर असा लागत नाही. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी तपासणीला जायचं. परतायचा तर तो बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो.

जायचं कुठे? अर्धापूरहून नांदेड हाकेच्या अंतरावर आहे. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आतून तपासणी आणि बायोप्सीने सुरुवात करता येते. लातूरकरांसाठी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्था आहे. पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि परळचं टाटा मेमोरियल. बाहेरच्या केंद्रात जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. ज्या प्रयोगशाळेत तुकडा तपासला तिथून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. मोठी केंद्रं ते स्वतः पुन्हा तपासतात. नाहीतर मुंबईला पोहोचून परत नांदेडला ब्लॉक आणायला माणूस पाठवावा लागतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन ऑपरेशनच्या आधी त्यांना भेटा, मंजुरी आधी लागते. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

बार्शीचं नाव आलं म्हणून सांगायला हवं. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे १९८७ मध्ये सुरू झाली. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांवर जो अभ्यास झाला, तो २००९ मध्ये जगाने वाचला. एचपीव्ही या, हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न केलेल्या, संख्येने थोड्या लहान गटात ६४. आपल्यासारख्याच बाया, आपल्यासारखीच गावं. वेळेवर सापडलं तर मरण निम्म्यावर येतं, हे सिद्ध करायला मराठवाड्यातल्याच मायबहिणी पुढे आल्या होत्या. तिशीनंतर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी म्हणूनच टाळू नका. तिथे पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का ते बघतात.

शेवटी, ज्यांची पिशवी आधीच निघाली आहे त्यांच्यासाठी. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का आणि रिपोर्ट काय आला, हे आज घरातल्या पिशव्या-डब्यांत शोधा. सापडला नाही तर रुग्णालयाकडे लेखी मागा. भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. रिपोर्टमध्ये ‘कार्सिनोमा’ हा शब्द असेल, किंवा पिशवी काढूनही अंगावरून लाल वा घाण वासाचं पाणी जात असेल, तर पेरणी, लग्नसराई, सोयरीक काही आडवं येऊ देऊ नका. त्याच आठवड्यात कागद, स्लाइड आणि ब्लॉक घेऊन कॅन्सर केंद्र गाठा.